शेतकरी कंपन्यांचे प्रकल्प मुदतीत का पुरे होत नाहीत?

शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढावी, आपला माल आपणच निवडावा, साठवावा आणि विकावा, हा विचार आता महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत चांगला रुजला आहे. कायद्याचाही त्यास आधार आहे. डॉ. वाय. के. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशींनुसार १९५६ च्या कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि ‘उत्पादक कंपनी’ हा नवा प्रकार अस्तित्वात आला. २०१३ चा कायदा आल्यावरही ती तरतूद चालू राहिली व २०२० च्या दुरुस्तीने तिला त्या कायद्यात स्वतंत्र प्रकरणाचे स्थान मिळाले. दहा किंवा अधिक उत्पादकांना अशी कंपनी स्थापन करता येते. सभासदाचे भाग कितीही असोत, मत मात्र एकच असते. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना जाहीर केली, तर जागतिक बँकेच्या साह्याने आखलेला ‘स्मार्ट’ प्रकल्प आपल्या राज्यात त्याच वर्षी सुरू झाला. त्यामुळे कंपन्यांची नोंदणी झपाट्याने झाली.

नोंदणीनंतरचे काम मात्र कठीण आहे. प्रतवारीची शेड, कांदाचाळ, शीतगृह, डाळ गिरणी असे काहीतरी उभारावयाचे ठरते. आराखडा होतो, भूमिपूजन होते. आणि मग काम रेंगाळते. ते का रेंगाळते, याचा विचार गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांनी व कंपन्यांच्या संचालकांनी बारकाईने करणे अगत्याचे झाले आहे, म्हणून हा लेख.

प्रथम प्रकल्प म्हणजे काय, हे स्पष्ट असावे. विहीर खणणे हा प्रकल्प होय. त्या विहिरीवरून रोज पिकास पाणी देणे हा व्यवहार होय. प्रकल्पास आरंभ असतो तसा शेवटही असतो, ठराविक पैसा असतो आणि ठरलेला दिवस असतो. जो शेतकरी रोजचा व्यवहार उत्तम चालवितो त्याचीही विहीर अर्धवट राहू शकते, कारण दोहोंस लागणारी शिस्त वेगळी आहे. त्यात कंपनीचे संचालक हे स्वतः शेतकरी असतात. ज्या आठवड्यात शेडवर पत्रे चढावयाचे त्याच आठवड्यात त्यांच्या घरचा गहू काढणीस आलेला असतो.

एका कांदाचाळीची हकीकत

दिघी हे पूर्वी हवेली तालुक्यातील खेडेच होते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि आता तेथे शेती नावापुरती उरली आहे. परंतु दिघीहून आळंदीच्या रस्त्याने पुढे गेले, की खेड तालुका लागतो आणि कांदा-बटाट्याचा मुलूख सुरू होतो. चाकणचा बाजार या दोन्ही पिकांसाठी जुना व नावाजलेला आहे, आणि राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. या भागातील एका कंपनीचे उदाहरण प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले आहे. कंपनीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण तिचे चुकले ते अनेकांचे चुकते.

सभासद सुमारे तीनशे, संचालक सात. दिवाळीनंतरच्या सभेत ठरले, की येत्या उन्हाळ कांद्यापूर्वी प्रत्येकी पंचवीस टनांच्या चार चाळी आणि प्रतवारी यंत्रासह एक शेड उभी करावयाची. पैशाची सोय झाली होती. जागा एका सभासदाने भाड्याने दिली होती. फेब्रुवारीअखेर शेड उभी राहिली, मार्चमध्ये यंत्रही येऊन पोहोचले. परंतु यंत्र चालविण्यास थ्री-फेज वीज हवी, आणि विजेचा अर्ज फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत कोणी केलाच नव्हता. अध्यक्षांस वाटले की सचिवाचे काम पाहणाऱ्या तरुणाने केला असेल. त्याला वाटले की जागेच्या मालकाच्या नावे अर्ज करावयाचा असल्याने तोच करील. जागेचा मालक म्हणाला, मला कोणी सांगितलेच नाही. जवळच्या रोहित्रावर, ज्यास गावात डीपी म्हणतात, भार शिल्लक नव्हता. नवे रोहित्र बसून जोडणी मिळेपर्यंत जून उजाडला. चारपैकी दोनच चाळी वेळेत झाल्या होत्या. दरम्यान एप्रिल-मे महिन्यांत सभासदांचा कांदा नेहमीप्रमाणे ट्रॅक्टरात भरून बाजारात गेला आणि आवक दाटलेल्या दिवसांत मिळेल त्या भावाने विकला गेला. यंत्र ताडपत्रीखाली झाकून होते. कर्जाचे व्याज मात्र मार्चपासूनच चालू झाले.

याच कंपनीच्या एका वृद्ध सभासदाने सभेत उठून विचारले, “माझा कांदा निघाला तेव्हा तुमची चाळ कुठे होती?” या प्रश्नास उत्तर नव्हते. पुढील सभेस उपस्थिती निम्म्यावर आली.

शेतकरी कंपनीची ही खरी अडचण आहे. कारखान्याचे काम पंधरा दिवस लांबले तर पंधरा दिवसांचे नुकसान होते. आपले काम पंधरा दिवस लांबले तर हंगाम जातो, म्हणजे वर्ष जाते.

‘करावे असे ठरले’

मी त्या कंपनीचे इतिवृत्ताचे पुस्तक मागवून वाचले. दिवाळीनंतरच्या सभेच्या नोंदीत एक वाक्य असे होते : ‘वीज जोडणीसाठी अर्ज करावा असे सर्वानुमते ठरले.’ वाक्य शुद्ध आहे, परंतु त्यात कर्ता नाही आणि तारीखही नाही. पुढच्या तीन सभांच्या नोंदींत विजेचा उल्लेखच नाही. आपल्या सार्वजनिक कारभारात अशी कर्त्यावाचूनची वाक्ये फार लिहिली जातात. ती लिहिण्यास सोपी, सर्वांस मान्य होणारी आणि कोणालाही न बांधणारी असतात. भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवावरूनच केली आहे.

उपाय साधा आहे. प्रत्येक ठरावापुढे एका व्यक्तीचे नाव व एक तारीख लिहावी. दोन नावे लिहू नयेत. दोघांवर सोपविलेले काम पुन्हा भागीचेच होते. ज्याचे नाव लिहिले तो सभेस हजर असावा आणि त्याने होकार दिलेला असावा. पुढील सभा सुरू होताना मागील नोंदीतील नावे क्रमाने वाचावीत व काम झाले की नाही एवढेच विचारावे. यात कोणाचा अपमान नाही. प्रारंभी संकोच वाटतो, विशेषतः वडीलधाऱ्या संचालकास तरुणाने विचारावयाचे असेल तेव्हा. म्हणून हे वाचन अध्यक्षांनी स्वतः करावे आणि पहिले नाव आपले घ्यावे.

येथे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा प्रश्न येतो. उत्पादक कंपनीस पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे कायद्याने आवश्यक आहे, आणि तो सभासदांबाहेरचाच असावा लागतो. केंद्राच्या वर नमूद केलेल्या योजनेत व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले ते अशा नेमणुका व्हाव्यात म्हणूनच. परंतु पुष्कळ ठिकाणी हा अधिकारी म्हणजे कागद भरणारा कारकून ठरतो. पाचशे रुपयांची सळई आणावयाची तरी त्यास अध्यक्षांची सही हवी, आणि अध्यक्ष लग्नास गेलेले असतात. संचालक मंडळाची सभा तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे असा कायदा आहे; पण बांधकामाचे निर्णय तीन महिने थांबू शकत नाहीत. म्हणून प्रकल्पापुरती खर्चाची एक मर्यादा ठरवून तिच्या आतील निर्णय त्या अधिकाऱ्यावर सोपवावेत व दर आठवड्यास हिशेब घ्यावा.

मोठ्या कामांतही हेच तत्त्व उपयोगी पडले आहे. कोकण रेल्वे उभारण्यासाठी १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, तेही एक कंपनीच होय. ई. श्रीधरन यांनी मार्गाचे विभाग पाडून प्रत्येक विभागावर स्वतंत्र मुख्य अभियंता नेमला आणि तेथल्या तेथे निर्णय घेण्याचा अधिकार त्यास दिला. तरीही गोव्यात पेडणे येथील बोगद्यात भुसभुशीत माती वारंवार ढासळून काम रखडलेच, आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. अधिकार वाटून दिल्याने डोंगर मऊ होत नाही. परंतु माती ढासळली म्हणजे काय करावयाचे, हे विचारण्यास कोणाकडे जावे याचा घोळ तरी उरत नाही.

काढणीपासून मागे मोजावे

आपण सामान्यतः आजपासून पुढे मोजतो : आधी जागा, मग बांधकाम, मग यंत्र, मग वीज. शेतमालाच्या प्रकल्पात याच्या उलट मोजले पाहिजे. उन्हाळ कांद्याचे उदाहरण घेऊ. काढणीनंतर कांदा पातीसह तीन दिवस शेतात सुकवितात, मग थोडी मान राखून पात कापतात आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवतात. म्हणजे १ एप्रिलला काढलेला कांदा सुमारे पंधरा तारखेस चाळीत जावयास हवा. त्या दिवशी चाळ पूर्ण तयार असली पाहिजे. पंधरा एप्रिलच्या मागे पत्रे व जाळी यांचे दिवस मोजावेत, त्यामागे सांगाड्याचे, त्यामागे पायाचे, त्यामागे परवानग्यांचे व भाडेपट्ट्याच्या नोंदणीचे. असे मोजीत गेले म्हणजे ध्यानात येते, की जे काम सर्वात शेवटी उपयोगी पडते त्याचा अर्ज पुष्कळदा सर्वात आधी करावा लागतो. वीज हे याचे ठळक उदाहरण आहे. पोहोच रस्ता हे दुसरे. शेडपर्यंत मालट्रक जातो काय, हे पावसाळ्यात जाऊन पाहावे. उन्हाळ्यात सगळेच रस्ते चांगले असतात.

यंत्राच्या पुरवठादाराने सांगितलेली मुदत आणि गवंड्याने सांगितलेली मुदत या दोन्ही सद्भावनेने सांगितलेल्या असतात. त्यांत काही आठवड्यांची वाढ धरूनच तक्ता करावा. होळी, गावची यात्रा, लग्नसराई व मजुरांचे गावी जाणे ही विघ्ने नव्हेत. ती दरवर्षी येतात व पंचांगात छापलेली असतात.

त्या कंपनीने दुसऱ्या वर्षी जे केले ते सांगण्यासारखे आहे. एका सभासदाचा मुलगा चाकण औद्योगिक क्षेत्रात मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामास आहे. तेथे नव्या कामाचा तक्ता भिंतीवर लावण्याची पद्धत त्याने पाहिली होती. त्याने सुटीच्या दिवशी येऊन शेडच्या भिंतीवर मोठा कागद डकविला : डावीकडे कामे, वर आठवडे, प्रत्येक कामाच्या ओळीत एक नाव. झालेले काम हिरव्या खडूने, लांबलेले तांबड्या खडूने. ज्यांस वाचता येत नव्हते तेही रंगावरून विचारू लागले, “हे तांबडे कोणाचे?” आपल्या या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक गावातील मुले कारखान्यांत जातात. शेती सोडून गेला म्हणून त्यांच्याविषयी आपण खंत करतो. पण ते तेथे जे शिकतात ते गावाच्या कामी लावून घेण्याचे आपल्यास सुचत नाही.

कामाची हद्द

एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत बऱ्याच कंपन्यांच्या आराखड्यांची होते. चाळीचे ठरते, मग बटाटेवाले सभासद म्हणतात शीतगृह घ्या, कोणी म्हणतो खताचे दुकानही त्याच शेडमध्ये होईल, कोणी शेजारच्या तालुक्यातील डाळ गिरणी पाहून आलेला असतो. प्रत्येकाची सूचना योग्य असते आणि सभासदास नाही म्हणणे अवघड असते, कारण प्रत्येकास एक मत आहे. परंतु पत्रे चढण्याच्या वेळी शेडची लांबी वाढविली, की पाया, पैसा व मुदत ही तिन्ही बदलतात. नवी सूचना आल्यास ती पुस्तकात ‘पुढील टप्पा’ म्हणून नोंदवावी व चालू काम पुरे झाल्यावरच चर्चेस घ्यावी. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्मर्स’ ही कंपनी आज टोमॅटोपासून अनेक फळभाज्यांवर प्रक्रिया करते, पण तिचा पाया द्राक्षाच्या एका पिकावर घातला गेला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इमारतीनंतरचा पैसा

अनुदान व मुदत कर्ज यांचा विचार सर्व करतात. २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीखाली दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जास सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याजसवलत ठेवण्यात आली, हे बहुतेक संचालकांस तोंडपाठ असते. खेळत्या भांडवलाचे मात्र विस्मरण होते. एक हिशेब करून पाहू. ताशी दोन टन प्रतवारी करणारे यंत्र आठ तास चालले तर दिवसास सोळा टन कांदा लागेल. भाव किलोस १५ रुपये धरला तर त्या एका दिवसाच्या मालाची किंमत २ लाख ४० हजार रुपये होते. बाजारात आडत्याकडे सभासदास पैसे लगेच मिळतात, म्हणून कंपनीनेही ते त्याच दिवशी द्यावेत अशी त्याची अपेक्षा असते. शहरातील मोठा खरेदीदार मात्र पंधरा दिवसांनी पैसे देतो. म्हणजे यंत्र पूर्ण चालावयाचे तर कंपनीपाशी ३६ लाख रुपये फिरते असले पाहिजेत; बारदान, मजुरी व वाहतूक निराळी. हे नसेल तर सोळा टनांचे यंत्र दोन टनांवर चालेल आणि सर्व म्हणतील, यंत्र घेण्यात चूक झाली. ती चूक यंत्राची नसते.

यास्तव बँकेकडे जाताना दोन्ही अर्ज एकाच वेळी न्यावेत. खेळते भांडवल मिळत नसेल, तर यंत्र लहान घ्यावे. मोठे यंत्र घेऊन ते बंद ठेवण्यापेक्षा लहान यंत्र दोन पाळ्या चालविणे केव्हाही बरे.

तक्रार कोठे सांगावी

दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून पुण्यास जाते. एवढा मोठा समुदाय दिवसेंदिवस चालतो. त्याच्या व्यवस्थेतील एक गोष्ट आपल्या कंपन्यांनी घ्यावी अशी आहे. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीपूर्वी चोपदार आपला दंड उंच करतो, आणि क्षणात सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, म्हणणे ऐकतो, आणि तेथेच निर्णय होतो. तक्रार दाबली जात नाही, आणि ती वाटेत चालता चालताही सांगितली जात नाही. तिला वेळ व जागा नेमून दिलेली आहे.

कंपनीत याच्या उलट घडते. वजनाच्या काट्याविषयी, गोल्टी म्हणून बाजूला काढलेल्या कांद्याविषयी, आधी कोणाचा माल घेतला याविषयी सभासद चहाच्या टपरीवर बोलतो, सभेत बोलत नाही. संचालकास ते तिसऱ्याच माणसाकडून कळते आणि तो रागावतो. तोवर तो सभासद पुढचा माल आडत्याकडे घेऊन गेलेला असतो. आठवड्यातील एक वार व एक वेळ ठरवावी, त्या वेळी मुख्य कार्यकारी अधिकारी व एक संचालक शेडवर बसावेत, आणि आलेली तक्रार व दिलेला निर्णय नोंदवहीत लिहावा. प्रतवारीचा वाद असेल तर बाजूला काढलेला माल सभासदास दाखवावा. जोड कांदा, डेंगळे आणि चिंगळी यांचे नमुने शेडच्या दारात मांडून ठेवले तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

सूचना वरून खाली पोहोचणे हेही तितकेच महत्त्वाचे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळले आणि निर्यातदारांचे व बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. शीतगृहे, वाहतूक, बांधणी सर्व ठीक होते. अडले ते बागेत कोणती फवारणी झाली याच्या माहितीपाशी. प्रकल्पाचा एक टोक शेडमध्ये नसून सभासदाच्या बांधावर असतो, हे त्यावरून दिसले.

ठरलेले बदलावे लागते तेव्हा

कांद्याच्या बाबतीत शासकीय धोरणाचाही हिशेब ठेवावा लागतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली पण शुल्क राहिले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. ज्या कंपनीचा आराखडा केवळ निर्यातीच्या भावावर बेतलेला होता तिचा प्रकल्प या काळात डळमळला असणार हे उघड आहे. आराखडा करताना भाव तीन धरावेत : नेहमीचा, पडलेला व चढलेला, आणि पडलेल्या भावातही कर्जाचा हप्ता निघतो काय ते पाहावे. निघत नसेल तर चार चाळींऐवजी दोन बांधाव्यात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा कंपनीस भेट देताना प्रथम इमारत पाहण्यास जाऊ नये. इतिवृत्ताचे पुस्तक मागावे आणि शेवटच्या तीन सभांच्या ठरावांपुढे नावे व तारखा आहेत काय ते पाहावे. त्यानंतर विजेचा अर्ज, भाडेपट्टा व बँकेचे मंजुरीपत्र यांच्या तारखा काढणीच्या तारखेशी ताडून पाहाव्यात. जेथे अंतर कमी दिसेल तेथे संचालकांस त्याच दिवशी सांगावे, आपल्या मासिक अहवालात लिहिण्याची वाट पाहू नये.

वर सांगितलेल्या कंपनीने दुसऱ्या वर्षी उरलेल्या दोन चाळींसाठी नवरात्रातच पत्रे आणून ठेवले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चारही चाळींत कांदा पडू लागला. पहिला ट्रॅक्टर त्याच वृद्ध सभासदाचा होता. काट्यावर वजन होईपर्यंत तो भिंतीवरच्या तक्त्यात तांबडा खडू शोधीत उभा होता. एक ओळ अजून तांबडीच होती, पोहोच रस्त्याच्या मुरुमाची, आणि तिच्यापुढे अध्यक्षांचे नाव होते.